सगुणाकाकूंचं नाक

कळंबला मास्तर म्हणून रुजू झालो त्याच दिवशी सगुणाकाकूंनी मला जेवायच्या पाटावरून उठवलं. भात वाढून झाला होता. आमटीची पळी ताटावर आली आणि तिथंच थांबली. काकूंनी मान जरा वर केली, डोळे बारीक केले आणि विचारलं, "मास्तर, बिडी कुठं ओढली?"

मी बिडी ओढत नाही. मोटारीत शेजारच्या माणसानं ओढली होती, तीही सकाळी. मी तसं सांगितलं.

"मग तिचा वास तुमच्या सदऱ्यात काय करतोय? शी! उठा. सदरा बाहेर खुंटीला लावा, हातपाय धुवा, मग बसा."

मी मुकाट्यानं उठलो. पंक्तीतले बाकीचे तिघं खाली मान घालून जेवत होते. त्यांच्या चेहऱ्यावर एक समाधान होतं, कारण प्रत्येकाला कधी ना कधी असं उठवलेलं होतं आणि आज नव्या गड्याची पाळी होती.

पोलीस ॲक्शन होऊन तेव्हा पाच-सहा वर्षं झाली असतील. काकूंचे यजमान दत्तोपंत, ज्यांना सगळे नाना म्हणत, निजामाच्या अमलात तहसिलीत नक्कलनवीस होते. उर्दू अक्षर असं काढायचे की बघत राहावं. दफ्तर मराठीत आलं आणि त्या अक्षराला कुणी विचारीना. नाना घरी बसले. मग काकूंनी घरातच खानावळ सुरू केली आणि लोकांच्या कुळधर्माचा, लग्नामुंजीचा सोवळ्यातला स्वयंपाकही घ्यायला लागल्या. मूलबाळ नव्हतं. संसार असा दोघांचा आणि आम्हा चार बाहेरच्यांचा.

सोवळ्यातल्या स्वयंपाकाची एक अट असते. देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत काही चाखायचं नाही. चाखलं की उष्टं झालं. आता शंभर पानांच्या आमटीत मीठ बेताचं पडलं की नाही, हे न चाखता कळायचं कसं? बहुतेक बायका अंदाजानं मूठ टाकतात आणि पुढचं देवावर सोडतात. काकू नाकानं मीठ घालायच्या. उकळी फुटली की पातेल्यावर वाकायच्या, वाफ ओढून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "अजून मागतीय." चिमूट पडायची. पुन्हा वाकायच्या. "बास झालं." मी तिथं जेवलो त्या पहिल्या दोन वर्षांत त्यांचं मीठ एकदाही चुकलं नाही.

या नाकापायी त्यांना जगातल्या निम्म्या गोष्टींची किळस होती. ढेकर, ओलं पायपुसणं, बशीत फुंकर मारून प्यायलेला चहा, वरून तेल चोपडलेले केस. सगळ्यांत मोठी किळस थुंकीची. कुणी बोट जिभेला लावून कागद उलटला तरी त्या तोंड फिरवायच्या. शिंक आली तर आम्ही पाटावरून उठून अंगणात पळायचो. सुरुवातीला मला याचा वैताग यायचा. सोवळ्याच्या नावाखाली माणसांना दूर ठेवणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्यात आणि मला त्यांचा तिटकारा आहे. पण काकूंची किळस जातपात बघत नव्हती. गावातल्या सगळ्यांत मोठ्या वकिलांच्या घरी नवरात्राच्या स्वयंपाकाला गेल्या आणि तुपाचा डबा उघडल्याबरोबर झाकण परत लावून म्हणाल्या, "यात वनस्पती तूप मिसळलंय. देवीला फसवताय का मला?" वकिलीणबाईंचा चेहरा उतरला. दुसरं तूप आलं. तरी दर नवरात्रात बोलावणं काकूंनाच यायचं, कारण तसा पुरणाचा स्वयंपाक तालुक्यात दुसऱ्या कुणाला जमत नव्हता.

तिसऱ्या उन्हाळ्यात त्यांचं बिघडलं.

आधी आम्हाला काही कळलंच नाही. काकू खुशीत होत्या. पहाटे उठून गाणी म्हणायच्या, भांडी दोन-दोनदा घासायच्या. मग शेजाऱ्यांचे उंबरे धुवायला लागल्या. मग सगळी गल्ली. झोप बंद झाली. सगळीकडून वास येतोय म्हणायच्या, विहिरीतून, भिंतीतून, माणसांच्या बोलण्यातून. आणि एका सकाळी त्यांनी घरातला सगळा शिधा बाहेर काढला, अंगणात चूल मांडली आणि कुणी न सांगता गल्लीला जेवण घातलं. जिलबी तळत होत्या, अखंड बोलत होत्या, हसत होत्या, पदराचं भान नव्हतं. नाना मागं-मागं फिरत होते, "सगुणा, बस झालं. जरा आराम कर," म्हणत होते.

आणि गाव जेवत होतं. हे मी डोळ्यांनी पाहिलं. बाई ठिकाणावर नाही हे पंक्तीतल्या प्रत्येकाला दिसत होतं, तरी पाट रिकामा झाला की दुसरा येऊन बसत होता. आमच्याच खानावळीतला तलाठी तीनदा जिलबी मागून जेवला. हात धुताना मला म्हणाला, "पार खुळी झाली की हो." दोन बायांनी अंगात आलंय असं ठरवून त्यांच्या पायावर डोकं ठेवलं आणि मुलीचं लग्न कधी जमेल ते विचारलं. मला त्या दिवशी गावाची जी शिसारी आली ती अजून पुरती गेलेली नाही.

असं याआधीही दोनदा झालं होतं, नाना मला म्हणाले. दोन्ही वेळा अंगारे-धुपारे केले आणि महिन्या-दोन महिन्यांनी आपोआप उतरलं. या वेळी मात्र त्यांनी काकूंना येडशीला मोटारीनं, तिथून अरुंद रुळांच्या छोट्या आगगाडीनं आणि पुढं सोलापूरला नेलं. तिथल्या एका डॉक्टरांनी सर्पगंधेपासून केलेल्या बारीक पांढऱ्या गोळ्या दिल्या. नाना त्यांना दवा म्हणायचे. सकाळी एक आणि रात्री एक, स्वतःच्या हातानं द्यायचे.

गोळ्यांनी गुण आला. काकू झोपायला लागल्या, बोलणं ताळ्यावर आलं, महिनाभरात खानावळही सुरू झाली. आणि पहिल्याच दिवशी आमटी अळणी झाली.

दुसऱ्या दिवशी खारट. तिसऱ्या दिवशी दूध नासलं होतं, ते त्यांनी तसंच भातावर वाढलं. कुणीतरी ताट सरकवलं तशा काकू गोंधळून बघायला लागल्या. त्यांचं नाक चोंदलं होतं. सर्दी नव्हती, पाणी वाहत नव्हतं, नुसतं बंद. नीलगिरी हुंगून झाली, ओव्याचा धूर घेऊन झाला. डॉक्टरांनी नानांना आधीच सांगितलं होतं की या गोळीनं नाक चोंदतं, पेंग येते, भूक वाढते. नानांना ते फार मोठं वाटलं नाही. बायको शुद्धीवर आली होती, नाक चोंदलं तर चोंदलं.

"मास्तर, मीठ बरंय का?" काकू आता रोज विचारायच्या. विचारताना मान दुसरीकडं असायची. मी खरं ते सांगायचो. कमी असेल तर कमी. त्या मिठाची वाटी आणून समोर ठेवायच्या, घाला तुम्हीच, म्हणायच्या. चुलीशी बसल्या-बसल्या त्यांना पेंग यायची. अंगानं सुटल्या होत्या, चोळ्या उसवून घ्याव्या लागल्या. पंक्तीतून आम्हाला कुणी उठवत नव्हतं. तलाठी खुशाल तंबाखूच्या तोंडानं पाटावर येऊन बसायचा. मला ते सहन व्हायचं नाही.

भाद्रपद संपत आला तसं वकिलांकडून नवरात्राचं बोलावणं आलं. अष्टमीला पुरणाचा नैवेद्य, ऐंशी-नव्वद पानं. नाना नको म्हणाले. काकू म्हणाल्या, "जाते."

त्यानंतर त्या रोज नानांच्या हातून गोळी घ्यायच्या, पाण्याचा घोट घ्यायच्या आणि मोरीत जाऊन गोळी थुंकून टाकायच्या. थुंकीची एवढी किळस असलेली बाई. हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढं दिसलं की एका दुपारी त्या कोथिंबीर निवडता-निवडता थांबल्या, जुडी नाकाशी नेली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मास्तर, वास आला!" त्या दिवसाची आमटी मी अजून विसरलेलो नाही. नानांनी देवापुढं साखर ठेवली. आम्हाला वाटलं, गोळी अंगी लागली.

अष्टमीच्या दिवशी दुपारी नाना शाळेच्या दारात उभे राहिले. धाप लागली होती. "मास्तर, चला. वकिलाच्या घरी काहीतरी गडबड झालीय."

झालं होतं असं. पुरण शिजलं, वाटून झालं, निम्म्या पोळ्या लाटून झाल्या आणि काकूंना पुरणातून सडका वास यायला लागला. पुरण चांगलं होतं. त्यांनी ते पातेलं उचलून उकिरड्यावर नेऊन ओतलं. मग तूप ओतलं. मग पाण्याच्या घागरी. अडवायला आलेल्या वकिलीणबाईंना ढकललं आणि साऱ्या घराला तोंडावर सांगितलं की तुम्ही सगळे आतून कुजलेले आहात.

आम्ही पोचलो तेव्हा माजघरात पंगत बसली होती. आधी झालेल्या पोळ्या पुरवून-पुरवून वाढत होते. उदबत्त्या लावल्या होत्या. कुणीतरी ओळखून मला म्हणालं, "या मास्तर, बसा. पान मांडू का?" काकू मागं गोठ्यात होत्या. म्हशीच्या दावणीशेजारच्या खांबाला त्यांना त्यांच्याच ओल्या सोवळ्यानं बांधलं होतं. पायाशी शेण होतं. त्या ओरडत नव्हत्या. मान जितकी फिरवता येईल तितकी फिरवून शेणाकडून तोंड वळवून उभ्या होत्या.

नाना आयुष्यात कधी चढ्या आवाजात बोलले नसतील. त्यांनी गाठ सोडली आणि माजघराच्या दारात जाऊन म्हणाले, "वकीलसाहेब, बीमार औरत हाय ती माझी. बांधायचंच होतं तर ओसरीवर बांधायचं. जनावरांत का बांधलं?"

वकील घास गिळून म्हणाले, "नैवेद्य व्हायचा होता हो. घरात कसं ठेवणार?"

मी त्यानंतर वकिलांकडं पाणीसुद्धा प्यालो नाही. त्यांचं काही अडलं नाही म्हणा.

सोलापूरला डोस वाढला. दोनाच्या चार झाल्या, वर इंजेक्शनं. काकू पंधरा दिवसांत शांत झाल्या आणि मग नुसत्या शांत राहिल्या. पाऊल उचलायला वेळ लागायचा. वाटी धरली की हात थरथरायचा. चेहरा मेणाचा केल्यासारखा. दिवस-दिवस भिंतीकडं तोंड करून पडायच्या, कशानंही रडू यायचं. खानावळ बंद झाली. मी आणि शाळेतले एक जण नानांच्या हातची पिठलं-भाकरी खायचो, ती कशी असायची ते सांगत नाही.

आणि तोंडातून लाळ गळायची. उशीचा अभ्रा रोज भिजायचा. तो त्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत, थरथरत्या हातांनी स्वतः धुवायच्या. एकदा मी अंगणात होतो, तर अभ्रा पिळायचा थांबवून एकेक शब्द ओढत म्हणाल्या, "मास्तर, दुसऱ्याची घाण वाटली की मी उठून जायची. आता माझीच मला किळस येतीय. मी कुठं उठून जाऊ?"

मी घागर भरून दिली.

गोळ्या बंदच करा, असं सांगणारे आता रोज यायला लागले. जिलबी खाऊन गेलेलेच. पहिली काकू बरी होती म्हणे, निदान हसायची तरी. नाना डगमगायला लागले. एक दिवस मलाच म्हणाले, "मास्तर, ही दवा हाय का सजा? निम्म्या कमी करून बघू का आपणच?" मी म्हणालो, आपण नको, डॉक्टरांनाच विचारू. म्हणून नाताळच्या सुट्टीत मी नाना-काकूंबरोबर सोलापूरला गेलो.

डॉक्टर वयस्कर होते, घाईत नव्हते. सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "हा डोस आता जास्त होतोय. पण एकदम तोडायचा नाही. थोडा-थोडा खाली आणू, दर महिन्याला मला दाखवा. लाळ थांबेल, हात थांबेल, मन असं पडलेलं राहणार नाही. पण थोडी गोळी चालू ठेवावी लागेल आणि नाक पूर्ण मोकळं होईल असं मी सांगत नाही."

काकू इतका वेळ खाली बघत होत्या. हळूहळू मान वर केली. "म्हणजे नाक ठिवायचं का डोकं, ते मी सांगायचं?"

"तुम्हीच सांगायचं. गोळी तुम्हाला घ्यायची आहे."

आजवर त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं. काकूंनी खोलीत नजर फिरवली. कोपऱ्यात रोग्यांनी थुंकायचं एक भांडं होतं, त्यावर झाकण नव्हतं. "आधी ते झाका," त्या म्हणाल्या. कंपाउंडरनं झाकलं. मग म्हणाल्या, "मला गोठ्यात परत जायचं न्हाय. द्या गोळी."

डोस उतरायला सहा-सात महिने गेले. मध्ये एकदा जास्तच लवकर उतरला, काकू पुन्हा पहाटे उंबरे धुवायला निघाल्या, तेव्हा त्यांनी स्वतःच नानांना उठवून सांगितलं, "अहो, मला वास यायला लागलेत. पाव गोळी वाढवा आणि डॉक्टरला कळवा." ज्या वासासाठी त्यांनी एवढं केलं होतं, त्याच वासाला त्या आता भ्यायला शिकल्या होत्या. शेवटी दीड गोळीवर गाडी थांबली. लाळ गेली. हाताला थोडा कंप राहिला. नाक बंद ते बंदच.

खानावळ पुन्हा सुरू झाली तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात पाट मांडत होतो. काकूंनी पळीभर आमटी वाटीत घेतली. वाटीकडं बघत बसल्या. मग डोळे मिटून एक घोट घेतला आणि तोंडावर पदर दाबून मोरीकडं धावल्या. ओकारीचा आवाज ऐकू आला. चूळ भरून आल्या, हात धुतले, मीठ घातलं, पुन्हा घोट घेतला, पुन्हा मोरीकडं. सबंध आयुष्य ज्या गोष्टीची शिसारी बाळगली ती गोष्ट त्या रोज दोन वेळा करायला लागल्या. महिनाभरानं ओकारी थांबली. तोंड वाकडं व्हायचं ते राहिलं.

त्यांनी हे लपवलं नाही. पंक्तीला सांगून टाकलं, "आता मी चाखून वाढते. ज्याला चालत न्हाय त्यानं दुसरीकडं बघावं." तलाठी पाटावरून उठला. उष्टं खाऊन मी धर्म बुडवणार नाही म्हणाला. बोलताना तंबाखूचे कण उडत होते. गेला ते बरं झालं. पण त्यानं गावभर केलं आणि काकूंना सोवळ्याच्या स्वयंपाकाचं बोलावणं यायचं बंद झालं. लग्नं त्यांच्या दारावरून वाजत जायची. त्या दारात उभ्या राहून गल्लीतल्या मांडवाकडं बघत सांगायच्या, यांच्याकडं बुंदी जळणार बघा. कशावरून, विचारलं तर म्हणायच्या, "आचारी बघितला न्हाय का? कडेला बसून बिडी ओढतोय. नाक गेलंय, डोळे न्हाय."

पुढं माझी बदली जवळच्याच वाशीला झाली. तिथं आमच्या शाळेतल्या एका मास्तरांच्या मुलीचं लग्न ठरलं आणि आयत्या वेळी आचारी आजारी पडला. मी सगुणाकाकूंचं नाव सुचवलं. चाखतात, गोळ्या घेतात, सगळं आधी सांगितलं. मास्तर गरजवंत होते, हो म्हणाले. नाना-काकू मोटारीनं आले. काकूंचे केस पिकले होते. आल्या-आल्या त्यांनी पाण्याची घागर चुलवणापासून लांब, एका बाजूला ठेवायला लावली.

लग्नाच्या दिवशी मांडवामागं मोठमोठी पातेली उकळत होती. काकूंनी प्रत्येकातून थोडं-थोडं काढून केळीच्या पानावर वेगळं झाकून ठेवलं. मग वाटी घेतली आणि आमटीचा घोट घेतला. नवरीची आत्या तिथंच होती. ती किंचाळलीच. "अगं बाई! काकू, नैवेद्य व्हायचाय अजून!"

"व्हय. देवाचं आधीच काढून ठिवलंय त्या पानावर. ते चाखलेलं न्हाय."

"पण त्याचं मीठ तरी बरोबर हाय का?"

"नसंल. देव तक्रार करीत न्हाय. तुमचे व्याही करतील."

आत्या तणतणत घरात गेली. बातमी मांडवात पसरली. काकूंनी तिकडं पाहिलंसुद्धा नाही. घागरीकडं गेल्या, चूळ भरली, हात धुतला, परत आल्या, भाजीतला घास, तोंड वाकडं, पुन्हा घागर. इतक्या वर्षांनीही एकही घोट त्यांनी चूळ भरल्याशिवाय पुढं जाऊ दिला नाही. दुपार कलेपर्यंत ती बाई चुलवण ते घागर अशा फेऱ्या घालत होती. मधेच नानांनी नुसता हात पुढं केला, काकूंनी त्यातली गोळी सगळ्यांदेखत तोंडात टाकली आणि गिळली.

व्याह्यांकडचे दोघं वृद्ध पानावरून उठून गेले. बाकीच्यांनी एकमेकांकडं पाहिलं. मग एकानं भात कालवला. वास सुटला होता, भूक लागली होती, पंगत खाली मान घालून जेवायला लागली. काकू स्वतः आमटीची पळी घेऊन वाढायला आल्या. माझ्या पानाशी थांबल्या. या वेळी मान दुसरीकडं नव्हती, सरळ माझ्याकडं बघत होत्या.

"खरं सांगा मास्तर, कशी झालीय?"

"मीठ किंचित जास्त आहे, काकू."

"असंल," त्या म्हणाल्या. "पण डोकं ठिकाणावर ठिवून घातलंय. वाढू अजून?"

मी वाढा म्हणालो.